गुरूचे बोट आणि स्वतःची पावले

आषाढी एकादशी सरून चार दिवस होतात, तोच आषाढ शुद्ध पौर्णिमा उजाडते. गोपाळपूरचा काला घेऊन वारकरी परतीच्या वाटेला लागलेले असतात आणि इकडे घरोघरी चौरंग मांडून व्यासपूजेची तयारी चाललेली असते. कोणी गुरूंच्या पादुका पुजतो, कोणी पोथीला हळदकुंकू वाहतो, कोणी आपल्या वृद्ध शिक्षकांच्या घरी नारळ घेऊन जातो. याच पौर्णिमेला सारनाथच्या मृगदावात भगवान बुद्धांनी आपल्या पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला, असे बौद्ध परंपरा मानते. ज्ञान देणाऱ्याविषयी कृतज्ञ होण्याचा हा दिवस आहे, यात शंका नाही.

परंतु अशाच एका गुरुपौर्णिमेला, आमच्या परिचयाच्या एका सात्त्विक घरी, एक प्रसंग घडला. पूजा आटोपली, तीर्थप्रसाद झाला आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने वडिलांना विचारले, “बाबा, महाराज सांगतील ते तुम्ही करता. मग तुम्ही स्वतः विचार करता तो कोणत्या दिवशी?” प्रश्नात उद्धटपणा नव्हता. वडील रागावले नाहीत, पण त्यांना उत्तरही देता आले नाही. आम्ही तेथे पाहुणे होतो. उत्तर आमच्यापाशीही तयार नव्हते. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे आणि आजच्या पर्वावर वाचकांसमवेत त्याचाच विचार करावा असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. दोनशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी तो जर्मनीत विचारला गेला होता. १७८३ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका मासिकात त्सोल्नर नावाच्या धर्मोपदेशकाने विवाहाला धर्मसंस्कार हवाच अशी बाजू मांडताना एका तळटीपेत विचारले की, ज्याचा एवढा गाजावाजा चालला आहे ते ‘प्रबोधन’ म्हणजे तरी काय? तळटीप लहान होती, पण तिने मोठमोठ्या पंडितांना लेखणी उचलावयास लावले. १७८४ च्या सप्टेंबरात मोझेस मेंडेल्सझोन या ज्यू तत्त्वज्ञाने उत्तर दिले आणि डिसेंबरात कोनिग्सबर्गच्या इमॅन्युएल कांट यांनी. कांट तेव्हा साठ वर्षांचे होते.

कांट यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस स्वतःच्याच दोषाने अज्ञान राहतो आणि त्या अवस्थेतून बाहेर पडणे म्हणजे प्रबोधन. येथे ‘अज्ञान’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर योजला आहे. कांट यांनी वापरलेला मूळ जर्मन शब्द कायद्यातला आहे आणि आपल्या मराठीत त्याला अगदी नेमका जोड आहे. कोर्टकचेरीच्या भाषेत ज्याचे वय भरले नाही तो ‘अज्ञान’, त्याच्या वतीने पालक सही करतो. वय भरले की तो ‘सज्ञान’. कायद्याने अठराव्या वर्षी सज्ञान झालेला माणूस बुद्धीने साठाव्या वर्षीही अज्ञानच राहू शकतो, हीच कांट यांची तक्रार होती. बुद्धी नसते असे नाही, ती दुसऱ्याच्या आधारावाचून वापरण्याचे धैर्य नसते. माझ्यासाठी समजून घ्यावयास ग्रंथ आहे, माझ्या सदसद्विवेकाची काळजी वाहावयास धर्मगुरू आहे, माझा आहार ठरवावयास वैद्य आहे, मग मी डोके कशाला शिणवू? त्यांनी यासाठी एक घरगुती दृष्टान्तही दिला आहे. लहान मूल पांगुळगाड्यात ठेवतात, तसे हे स्वयंघोषित पालक लोकांना गाड्यात ठेवतात आणि गाडा सोडला तर पडाल अशी भीती घालतात. वास्तविक दोनचार वेळा पडले की माणूस चालावयास शिकतोच.

धर्मगुरूंवरचा हा शब्द वाचून श्रद्धाळू वाचकाच्या कपाळाला आठी पडेल. आमच्याही पडली होती. गुरुचरणी मस्तक ठेवणे म्हणजे जन्मभर पांगुळगाड्यात बसणे की काय? याचे उत्तर बाहेर शोधण्याआधी आपल्याच ग्रंथांकडे वळले पाहिजे.

भगवद्गीतेचे सातशे श्लोक सांगून होत आले असता, अठराव्या अध्यायाच्या त्रेसष्टाव्या श्लोकात, भगवान अर्जुनाला काय सांगतात? गुह्याहून गुह्य ज्ञान मी तुला दिले, आता त्याचा संपूर्ण विचार कर आणि तुझ्या इच्छेस येईल तसे कर. ज्यांच्या शब्दाला त्रैलोक्यात अडवणारे कोणी नाही, ते शेवटच्या क्षणी निर्णय शिष्यावर सोपवतात. यावर कोणी म्हणेल की, पुढे तीनच श्लोकांनी सर्व सोडून मला शरण ये अशी आज्ञा आहे. आहेच. परंतु क्रम पाहावा. आधी विचाराचे स्वातंत्र्य, मग शरणागतीचे आवाहन आणि त्र्याहत्तराव्या श्लोकात अर्जुनाचे उत्तर. तो सांगतो की माझा मोह गेला, माझा संशय फिटला, आता तुमच्या शब्दाप्रमाणे वागेन. मोहात असताना दिलेला होकार भगवंतांनी मागितला नाही. ज्याला नकार देता आला असता, त्याचीच शरणागती खरी.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू पित्याकडे जाऊन ब्रह्म म्हणजे काय असे विचारतो. वरुण त्याला खूण सांगतो, उत्तर सांगत नाही आणि तप करून जाणून घे म्हणतो. भृगू अन्नापाशी पोहोचतो आणि परत येतो, प्राणापाशी पोहोचतो आणि परत येतो, मग मन, मग विज्ञान. प्रत्येक वेळी पित्याचे सांगणे तेच. शेवटी आनंद हे उत्तर भृगूला स्वतःलाच सापडते. त्याच उपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की, आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर घेऊ नकोस. आपल्यातही न घेण्याजोगे काही असू शकेल, हे आचार्य आपल्या तोंडाने शिष्याला सांगतात! असे गुरू शिष्याला अज्ञान कसे ठेवतील?

याहून हृदयस्पर्शी अशा दोन कथा बौद्ध आणि जैन परंपरांनी जपल्या आहेत. आनंद हा सुमारे पंचवीस वर्षे बुद्धांच्या सेवेत सावलीसारखा राहिला. त्याने ऐकले तेवढे कोणी ऐकले नाही आणि तरीही गुरू हयात असेतो त्याला अर्हत्पद लाभले नाही. आपणच आपला आधार व्हा, दुसऱ्याचा आसरा शोधू नका, हे बुद्धांनी अखेरच्या काळात सांगितले ते त्यालाच. कुशिनगरला तो दाराशी टेकून रडला. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री, थकून अंग टाकत असता, डोके उशीला टेकण्यापूर्वीच त्याला बोध झाला असे परंपरा सांगते. महावीरांचे पट्टशिष्य इंद्रभूती गौतम यांचीही कथा अशीच. गुरूंवरील अतीव ममता हाच त्यांच्या केवलज्ञानातला अखेरचा अडसर होता. आश्विन अमावास्येच्या रात्री पावापुरीस महावीरांचे निर्वाण झाले तेव्हा गौतम जवळ नव्हते. वार्ता ऐकून त्यांनी विलाप केला आणि त्या विलापातच हा स्नेहसुद्धा बंधन आहे हे उमगून त्यांना केवलज्ञान झाले. गुरूने बोट धरून आणायचे आणि एका वळणावर ते सोडायचे, ही गुरुकृपेची शेवटची पायरी आहे.

मग कांट आणि आपले ऋषी एकच सांगतात काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. इंग्रजीत बोधिवृक्षाखालील अनुभवाला आणि युरोपातील अठराव्या शतकाला एकाच शब्दाने संबोधतात, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. दोहोंचा रोख निराळा आहे. युरोपातील विचारवंतांच्या पुढे राजा होता, धर्मपीठ होते, न्यायासन होते. १७६२ मध्ये तुलूझ येथे झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला मुलाच्या हत्येच्या खोट्या आरोपावरून हालहाल करून मारले, तेव्हा व्होल्तेर यांनी तीन वर्षे झगडून १७६५ मध्ये त्याचे नाव निष्कलंक ठरवून घेतले. तेथे प्रश्न होता तो दुसऱ्याने मानेवर ठेवलेल्या जोखडाचा. आपल्या परंपरांचा प्रश्न आहे तो आपणच आपल्या मानेवर ठेवलेल्या जोखडाचा, म्हणजे अहंकाराचा, तृष्णेचा, मोहाचा. एक प्रबोधन सांगते की दुसऱ्याच्या बुद्धीने चालू नकोस. दुसरे विचारते की, ज्याला तू ‘माझी बुद्धी’ म्हणतोस ती खरोखर स्वच्छ आहे काय?

हा दुसरा प्रश्न विचारावयास गुरू लागतो. संतमंडळींत गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन प्रत्येकाचे मडके पारखले, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. साक्षात पांडुरंगाशी बोलणाऱ्या नामदेवांचे मडके कच्चे निघाले. ते विसोबा खेचरांकडे गेले, तर हा वृद्ध पिंडीवर पाय ठेवून निजलेला. देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबा म्हणाले आणि नामदेवांना तशी जागा सापडेना. विसोबांनी नामदेवांना नवी आज्ञा दिली नाही, दृष्टी दिली. स्वतःच्या पाठीवरचा डाग स्वतःला दिसत नाही, तो दाखवणारा कोणी तरी लागतो. एकट्या बुद्धीच्या बळावर निघालेल्या माणसाला हे ध्यानात ठेवावे लागते.

केवळ बुद्धीचा जयजयकार कोठे जातो हे फ्रान्सने दाखवले. १७८९ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणाऱ्या त्या देशात १७९३ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या नोत्र दामच्या मंदिरात बुद्धिदेवतेचा उत्सव साजरा झाला आणि त्याच महिन्यात स्त्रियांचे हक्क मागणाऱ्या ओलांप द गूज यांचा शिरच्छेदही झाला. जुने पालक गेले, नवे आले. कांट यांनाही हा अनुभव आपल्या परीने आला. त्यांच्या धर्मविषयक लेखनाबद्दल १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने त्यांना ताकीद दिली. महाराजांचा प्रजाजन म्हणून या विषयावर लिहिणार नाही असे वचन देऊन ते मौन राहिले आणि १७९७ मध्ये तो राजा निवर्तल्यावरच आपण वचनमुक्त झालो असे त्यांनी मानले.

परंतु परक्याचे दोष मोजताना आपले झाकणे हे या दिवसाला शोभणार नाही. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला आणि त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात गुरुभक्तीचे अमृतासारखे वर्णन केले. आत्मा सर्वांत एक आहे हे आपण सहा शतके ऐकले, गायिले, नाचलो. तरीही चोखोबांच्या जातीतील माणसाला विठ्ठलाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकता येत नव्हते. ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आतला दिवा लागला होता, पण त्याचा उजेड उंबऱ्याबाहेर पडू दिला गेला नव्हता. तेथे दुसऱ्या प्रबोधनाची गरज होती. जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हा योगायोग नव्हे. आपल्या राज्यघटनेत १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत शोधक बुद्धी वाढवणे हेही नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. भृगूच्या वारसांना त्यात परके वाटण्याचे कारण नाही.

तेव्हा पूजेला बसताना प्रत्येक घराने एक कसोटी मनाशी धरावी. ज्यांच्यापाशी आपण जातो, ते प्रश्न विचारू देतात काय? आपली चूक निघाली तर ती घेऊ नको असे सांगतात काय? दहा वर्षे त्यांच्या सहवासात राहून आपण अधिक निर्भय झालो की अधिक भित्रे? भय दाखवून धन, मान वा देह मागणारा कितीही भगव्या वस्त्रांत असो, तो पांगुळगाड्याचा मालक आहे, गुरू नव्हे. आणि हीच कसोटी आईबापांनी स्वतःलाही लावावी. कारण मुलांचे पहिले गुरू आपण आहोत. त्यांचे शिक्षण, त्यांचा विवाह, त्यांची श्रद्धा यांविषयी सांगावयाचे ते सर्व सांगून झाल्यावर, आता विचार कर आणि इच्छेस येईल तसे कर, हे भगवंतांचे वाक्य उच्चारण्याचे धैर्य आपल्यापाशी आहे काय?

त्या मुलाच्या प्रश्नाला आज आम्ही असे उत्तर देऊ : बाळ, तुझ्या वडिलांनी गुरूंपुढे मस्तक लववले ते ठेवून देण्यासाठी नव्हे, अधिक स्वच्छ करून पुन्हा उचलण्यासाठी. ते उचलण्यास विसरले असतील, तर तुझ्या प्रश्नाने त्यांना आठवण झाली आणि त्या क्षणापुरता तूच त्यांचा गुरू झालास. या व्यासपौर्णिमेला समईच्या दोन वाती उजळू या, एक गुरूंविषयीच्या कृतज्ञतेची आणि दुसरी त्यांनीच दिलेल्या विवेकाची. एकाच तेलावर त्या दोन्ही जळोत, हीच श्रीव्यासचरणी प्रार्थना.