फावल्या वेळातलं अंतराळ

अंतराळातले ऑनलाइन खेळ म्हटलं की डोळ्यांपुढे कानाला हेडफोन लावून रात्रभर जागणारा सोळा वर्षांचा मुलगा येतो. मी अडतिशीची, दोन मुलांची आई. भूगोलात एम.ए. केलं, नाशिकला आठ वर्षं शाळेत शिकवलं आणि गेली पाच वर्षं रेडिंगमध्ये घर सांभाळते आहे. तरीही गेली तीन वर्षं नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी हे खेळ खेळते. एकदा नव्हे, चार वेगवेगळे खेळून पाहिले. त्यांची ही तुलना, माझ्यासारख्या फावल्या वेळात खेळणाऱ्यांसाठी.

या खेळांची परीक्षणं लिहिणारी मंडळी तासन् तास खेळणारी असतात. माझा वेळ तुकड्यांचा: मुलांना शाळेत सोडून आल्यावरचा पाऊण तास, कणीक भिजवून झाकून ठेवल्यानंतरची वीस मिनिटं. त्यामुळे माझे प्रश्नही वेगळे. मध्येच उठावं लागलं तर काय होतं? दोन महिने फिरकलेच नाही तर कमावलेलं राहतं का? आणि तिथे भेटणारी अनोळखी माणसं नवख्याशी कशी वागतात? परक्या देशात येऊन घर मांडलेल्या बाईला हा तिसरा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा वाटतो.

गंमत म्हणजे या खेळांचं एक माहेर आपल्या याच देशात आहे. १९८४ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरसाठी ‘एलिट’ नावाचा खेळ लिहिला. आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, हे सगळं जेमतेम २२ किलोबाइटमध्ये. आपल्या व्हॉट्सॲपवर रोज येणारं सुप्रभातचं एक चित्रही याहून मोठं असतं! युक्ती अशी की ग्रहांची यादी साठवलेलीच नव्हती, ती सूत्रातून दर वेळी तयार होत असे. पाढे पाठ न करता गुणाकाराची रीत लक्षात ठेवावी, तसं.

त्याच ब्रेबेन यांच्या केंब्रिजमधल्या फ्रंटियर कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘एलिट डेंजरस’ आणला. यात आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या प्रमाणात उभी केली आहे, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांसह. व्याध, अभिजित, कृत्तिका सगळे आपापल्या जागी. एकट्याने खेळा, निवडक मंडळींबरोबर खेळा किंवा सगळ्या जगाबरोबर; आकाशगंगा तिन्हीकडे एकच. यान स्थानकात लावलं की खुशाल उठा. बाहेर संकटात असताना कुकरने शिट्टी दिली, तर खेळातून बाहेर पडायला १५ सेकंद थांबावं लागतं, एवढंच. महिनोन् महिने गेलं नाही तरी काही बुडत नाही, आणि यान फुटलं तर किमतीच्या ५ टक्के भरून तेच परत मिळतं. शिकायला मात्र वेळ लागतो. गोल फिरणाऱ्या स्थानकाच्या अरुंद दारातून यान आत नेणं म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी मेनरोडवर गाडी लावणं.

या खेळात प्रत्येक खेळाडूला ‘कमांडर’ म्हणतात. नाशिकला मी ‘मॅडम’ होते, इथे शाळेच्या फाटकाशी अमक्याची आई. कुणी “तुम्ही काय करता?” विचारलं की “सध्या घरीच” म्हणते, आणि त्या ‘सध्या’ला आता पाच वर्षं झाली. कमांडर म्हणवून घ्यायला बरं वाटतं, हे कबूल करायला हरकत नाही.

अनोळखी माणसांचं म्हणाल, तर एलिटमध्ये ‘फ्युएल रॅट्स’ नावाचा खेळाडूंचाच एक गट आहे. दूर अंधारात कुणाचं इंधन संपलं की त्यांना हाक मारायची. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला कुणी तरी शेकडो प्रकाशवर्षं ओलांडून येतो, छोट्या ड्रोननी इंधन भरून देतो आणि निघून जातो. मोबदला काही नाही. २०१५ पासून हे चालू आहे आणि अशा सुटकांचा आकडा लाखावर गेला आहे. परगावी एसटी बंद पडल्यावर आपला डबा उघडून “घ्या, दोन घास खा” म्हणणारी माणसं असतात ना, तीच ही जात.

पुण्यात राहणारा माझा धाकटा भाऊ आणि मी रविवारी एलिटमध्ये भेटतो. इथे सकाळचे अकरा, हिवाळ्यात तिथे साडेचार. या खेळात ‘हटन ऑर्बिटल’ नावाचं एक स्थानक आहे. मित्र ताऱ्याजवळ उतरल्यावरही ते ०.२२ प्रकाशवर्षं दूर, म्हणजे तासाभराहून जास्त नुसतं सरळ जात राहायचं. पोहोचल्यावर विकत मिळतो काय, तर तिथला प्रसिद्ध मग! खेळाडूंमध्ये हा थट्टेचा विषय आहे. पण फोनवर “काय, कसं काय” झालं की आमचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं, आणि हटनच्या वाटेवर काही करण्यासारखंच नसतं. गेल्या हिवाळ्यात त्या वाटेवर चाळिसाव्या मिनिटाला तो म्हणाला, “ताई, एक सांगायचं होतं.” आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. “तू एवढी लांब, तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून तिनेच सांगू दिलं नाही.” उरलेली वाट आम्ही नाशिकच्या घरात आईने यापुढे एकटीने राहावं का, यावर बोललो. तीन वर्षं फोनवर टाळलेला विषय होता तो. दोघांची नजर समोरच्या काळ्या आकाशावर असल्यामुळे बोलता आलं, असं मला वाटतं.

दुसरा खेळ ‘नो मॅन्स स्काय’. हा गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सचा. रेडिंगहून गिल्डफर्डला थेट गाडी जाते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही राजाची गोष्ट आठवते? चौसष्ट घरं भरल्यावर दाण्यांची जी बेरीज होते, तिच्यापेक्षा बरोबर एक जास्त एवढे ग्रह या खेळात आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये तो आला तेव्हा पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावरच्या एकाच जागी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत! एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन मराठी घरांचंही कधी कधी असंच होतं. कंपनीवर खूप टीका झाली. तिने मान खाली घालून काम केलं आणि जुलै २०१८ मध्ये खऱ्या अर्थाने एकत्र खेळता येऊ लागलं, तेही जादा पैसे न घेता. नवख्यांसाठी हा सर्वांत सोपा. घर बांधा, प्राणी पाळा, स्वयंपाकसुद्धा करा. सोपी पातळी निवडली तर जिवाची धास्तीही नाही. माझी तक्रार भूगोलाच्या बाईंची: अख्ख्या ग्रहावर एकच हवामान. कोकण आणि माणदेश एका ग्रहावर मावतच नाहीत. भेटणारे खेळाडू गोड असतात, भेटवस्तू देतात आणि जातात. भेट होते, ओळख होत नाही.

तिसरा ‘ईव्ह ऑनलाइन’, आइसलंडच्या कंपनीचा, २००३ पासूनचा. जगभरचे बहुतेक सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात आणि ते विश्व चालवणारे सर्व्हर लंडनमध्ये आहेत. रोज ग्रीनिच वेळेनुसार अकराला ते थोडा वेळ बंद होतात, म्हणून रविवारी आमची भेट इथे जमत नाही. भाव खेळाडूच ठरवतात; तिथल्या ‘जिता’ बाजाराने मला लासलगावच्या कांदा लिलावाची आठवण करून दिली. पण इथे फुटलेलं यान कायमचं गेलं, आणि गोड बोलून फसवणंही नियमात बसतं. जानेवारी २०१४ मध्ये एका जागेचं भाडं वेळेवर भरलं गेलं नाही, त्यातून पेटलेली लढाई सुमारे एकवीस तास चालली आणि साडेसात हजारांवर खेळाडू तिच्यात उतरले. फावल्या वेळाचं हे काम नव्हे. तरी दोन गोष्टींसाठी मी तिथे डोकावते. एक, कौशल्यं आपण नसतानाही शिकून होत राहतात. दुसरी, खेळाडूंनीच २००४ मध्ये काढलेली ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’. अनुभवी मंडळी तिथे नवख्यांना वर्ग घेऊन शिकवतात, फुकट. एवढ्या बेरकी जगात कुणी तरी शाळा काढतं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

चौथा ‘स्टार सिटिझन’. त्याचा एक मोठा स्टुडिओ मँचेस्टरला आहे. २०१२ पासून लोकांकडून ७० कोटी डॉलरहून जास्त पैसे जमले, खेळ अजून अपुऱ्या अवस्थेतच आहे. दिसतो देखणा, पण त्याला कॉम्प्युटर भारी लागतो आणि यानं खऱ्या पैशांनी विकत घ्यायचा मोह होतो. घरखर्चाची वही ठेवणाऱ्यांनी लांबूनच पाहावा.

तर माझा हिशेब असा. आयुष्यात कधीच असा खेळ खेळला नसाल किंवा लहान मुलांबरोबर खेळायचं असेल, तर नो मॅन्स स्काय. बाजार आणि डावपेच आवडत असतील आणि नुकसान सोसायची तयारी असेल, तर ईव्ह. मर्यादित स्वरूपात तो फुकटही खेळता येतो. आणि ज्यांना शांतपणे लांब जायचं आहे, त्यांनी एलिट. आपलं एखादं माणूस दुसऱ्या देशात असेल, तर त्यालाही बरोबर घ्या. आमच्या रविवारच्या फेरीत तिसऱ्या यानाला जागा आहे. येताना चहा मात्र घेऊन बसा, हटन फार लांब आहे.