झडप मिटते कुणामुळे?

छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टरांना ऐकू येणारा ‘लब-डब’ म्हणजे हृदय आवळण्याचा आवाज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुळात तो झडपा मिटतानाचा आवाज. आणि गंमत म्हणजे हृदयाच्या चारही झडपा स्वतःहून मिटत नाहीत. मागच्या बाजूचा दाब वाढला की पाकळ्या बाजूला होतात, पुढचा वाढला की एकमेकींना चिकटतात. काम दाबाचं, झडपेचा फक्त आकार. यावर कुणी म्हणेल, डावीकडच्या मायट्रल झडपेच्या पाकळ्यांना दोऱ्या असतात आणि त्या स्नायूंना बांधलेल्या असतात, मग झडप स्नायूच ओढून मिटवत असणार. पण दोऱ्यांचा ओढा खालच्या कप्प्याकडे, म्हणजे मिटण्याच्या उलट दिशेला असतो. मिटलेली पाकळी वर उलटू नये, एवढ्यासाठीच ती राखण. दोरी तुटली तर पाकळी वरच्या कप्प्यात उलटते आणि रक्त मागे गळतं. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या एऑर्टिक झडपेला तर दोऱ्याच नाहीत, तरी ती चोख मिटते. तिच्या तीन पाकळ्यांमागे तीन फुगवटे असतात. तिथे रक्ताचे भोवरे होतात आणि तेच पाकळ्यांना मिटण्याकडे ढकलतात, असा तर्क लिओनार्दो दा विंचीने १५१३च्या सुमारास केला होता. काचेच्या साच्यात पाणी आणि गवताचं बी सोडून ते पाहावं, असंही त्याने लिहून ठेवलं. १९६८ साली ऑक्सफर्डमधल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला.

मग इतक्या साध्या पडद्याच्या जागी एखादी तबकडी का चालू नये? चालते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने बनवलेली झडप डिसेंबर १९९०मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली: धातूची कडी आणि आत कलणारी प्लास्टिकची तबकडी. त्याआधीचे नमुने कुठे तुटले, कुठे झिजले. दिवसाला लाखभर उघडझाप सोसणं सोपं नव्हे. पण टिकाऊपणा साधला तरी परक्या पृष्ठभागावर रक्त गोठतंच, म्हणून वॉर्फरिनची गोळी जन्मभर. जिवंत पाकळी स्वतःची डागडुजी करते. तबकडीला ते जमत नाही. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर बहुधा जन्मभर गोळी लागत नाही, पण तरुण रुग्णांत ती लवकर कडक होते. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप खराब झालेल्या रुग्णांत तरुण मुली पुष्कळ. त्यांना पुढे मूल हवं असतं आणि वॉर्फरिन गर्भाला अपायकारक. म्हणून शक्य असेल तिथे शल्यचिकित्सक मूळची झडपच दुरुस्त करू पाहतात.