मोहरी फेसताना नाकात काय जाते?

घरी लोणच्यासाठी मोहरी फेसली जात असेल, तर जवळ उभे राहून पाहा. कोरड्या मोहरीला वास जवळजवळ नसतो. पाणी घालून ती घोटली, की झणका थेट नाकात चढतो. उलट फोडणीतली मोहरी दाताखाली आली तरी झणका येत नाही. मोहरी तीच, मग हा फरक का?

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. मायरोसिनेज हे विकर वेगळ्या पेशींत असते. दाणा अखंड असेतोवर दोघांची गाठ पडत नाही. दाणा चिरडून ओला झाला, की विकर सिनिग्रिनचे विघटन करते आणि झणझणीत तेल तयार होते. किडींविरुद्धचे हे वनस्पतीचे शस्त्र! विकर म्हणजे प्रथिन. कढत तेलात ते निकामी होते.

तुम्हीच पडताळा घ्या. एका वाटीत मोहरीची पूड थंड पाण्यात कालवा. तितकीच पूड पाण्यात पाच मिनिटे उकळून, निववून दुसऱ्या वाटीत घ्या. दहा मिनिटांनी हाताने वारा घेत वास पाहा. नाक वाटीत घालू नका.

कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, ब्रोकोली ही सारी मोहरीच्याच कुलातली. चिरताना त्यांच्यातही अशीच क्रिया घडते. १९९२ मध्ये अमेरिकेत पॉल टलाले व सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे केले. पेशींतील संरक्षक विकरांना ते चालना देते. मात्र एवढ्यावरून कोबीने कर्करोग टळतो म्हणणे उतावीळपणाचे. परीक्षानळीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे.

स्वयंपाकात याचा उपयोग सोपा आहे. कोबी आधी धुवा, मग चिरा, अर्धा तास झाकून ठेवा आणि नंतरच शिजवा. विकराला तेवढी सवड पुरते. १०० ग्रॅम कच्च्या कोबीत सुमारे ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. ते पाण्यात विरघळते, म्हणून उकडून पाणी फेकण्यापेक्षा वाफेवर शिजवावे, तेही थोडाच वेळ. फार शिजलेल्या कोबीचा वास वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको! तो गंधकाच्या संयुगांचा. थायरॉइडचा विकार असल्यास कच्चा कोबी रोज भरपूर खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

घाई असेल, तर शिजलेल्या भाजीवर चिमूटभर कच्ची मोहरीपूड भुरभुरा. निकामी झालेल्या विकराची जागा मोहरीतले विकर घेते. उकळलेल्या वाटीतही तशी चिमूट टाकून पाहा. तुलनेसाठी तितकीच पूड नुसत्या पाण्यातही घालायला विसरू नका.