सरड्याच्या अंड्याला आधार देणारे तंतू

बंगळूरूच्या हेब्बाळ भागात राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो मित्रकीटकांचा अभ्यास करतो. तेथील नाचणीच्या बांधांवर, तसेच महाराष्ट्रातील कुंपणांवर दिसणारा बागेतील सरडाही कीटकांवर जगतो. मात्र मित्रकीटकांएवढे लक्ष त्याच्या वाट्याला आलेले नाही.

या मादीच्या अंडाशयातील पुटकाची रचना विलक्षण असते. वाढत्या अंडपेशीभोवती तीन प्रकारच्या पेशींचे आवरण असते. त्यांपैकी मोठ्या, नासपतीच्या आकाराच्या पेशी अंडपेशीशी सूक्ष्म पुलांनी जोडलेल्या असतात. या पुलांमधून रायबोसोम, तंतुकणिका इत्यादी सामग्री अंडपेशीत पोहोचते. काम संपले की या पेशी नष्ट होतात. त्यानंतर यकृतात तयार झालेले बलकाचे प्रथिन रक्तावाटे येते.

हे नाजूक पूल टिकतात कसे? इटलीतील पोडार्सिस सिक्युला या सरड्यावरील संशोधनात नासपती पेशींमध्ये आणि अंडपेशीच्या कडेला सायटोकेरॅटिनचे तंतू आढळले. जनावरांची शिंगे, खूर आणि केस ज्या केरॅटिनचे असतात, त्याच कुळातील हे प्रथिन. तंतूची जाडी सुमारे १० नॅनोमीटर; असे एक लाख तंतू शेजारी ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. हे तंतू पेशीला बळकटी देतात. मालाची ने-आण मात्र मुख्यतः सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने होते.

शेतकऱ्यांचा खरा संबंध या सूक्ष्मनलिकांशी येतो. कार्बेन्डाझिम हे आंतरप्रवाही बुरशीनाशक बुरशीच्या ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटून नलिका बनू देत नाही. अल्बेंडाझोल हे जंतनाशक कृमींमध्ये तेच करते. परिणाम लक्ष्यापुरताच राहतो असे मानणे धाडसाचे ठरेल. उंदरांवरील प्रयोगांत कार्बेन्डाझिममुळे शुक्राणूनिर्मिती बिघडल्याचे दिसले आहे. ज्याचे विघटन होऊन कार्बेन्डाझिम तयार होते, त्या बेनोमिलवर भारतात २०१८ साली बंदी आली. गाभण जनावरांना पहिल्या टप्प्यात अल्बेंडाझोल देऊ नये, हा पशुवैद्यकांचा सल्लाही याच कारणाचा. विस्तार कार्यकर्त्यांनी तो गोठ्यापर्यंत पोहोचवावा.

सरड्याची मादी पावसाळ्यात मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कठीण नसते. ते मातीतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे फवारणी पंपाचे धुणे बांधावर ओतू नये.