ड्रॅगन फ्रूट सुकतंय म्हणून पाणी वाढवताय? थांबा, आधी बुडखा बघा



ग्रुपवर सध्या ड्रॅगन फ्रूटचे फोटो भरपूर येतायत. फांद्या पिवळसर, कडा चिंबलेल्या, शेंडे मलूल. आणि फोटोखाली प्रश्न एकच: "झाड सुकतंय, पाणी वाढवू का?"

उत्तर द्यायच्या आधी आमचा उलट प्रश्न असतो. बुडातली माती ओली आहे की कोरडी? कारण माती ओली असून झाड सुकत असेल, तर त्याला तहान लागलेली नाही. त्याची मुळं कुजलीत.

हे जरा समजून घ्या. ड्रॅगन फ्रूट म्हणजे निवडुंगच. खोडातच पाणी साठवून ठेवणारं झाड. दिवसा उन्हात पर्णरंध्रं बंद ठेवतं, रात्री गारव्यात उघडतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. मुळं पण उथळ, बहुतेक वरच्या फूटभर मातीतच. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. मुळं गुदमरतात, मग त्यात बुरशी शिरते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची फांदी सुरकुतते. आपण फांदी बघतो, ड्रिप अजून तासभर चालवतो आणि उरलेली मुळंही जातात. घरी ओट्यावर जेडची कुंडी असेल तर तिथेही हेच होतं. पानं सुरकुतली की घरातला प्रत्येक जण एकेक तांब्या ओततो, आणि आठवड्यात खोड मऊ पडतं.

*ओळखायचं कसं*

खुरप्याने बुडाजवळची दोन-तीन इंच माती हलक्या हाताने बाजूला करा. जोरात खणू नका, मुळं वरच असतात.

तहानलेलं झाड: फांदी बारीक, कडा आत गेलेल्या, पण दाबली तर टणक. मुळं पांढरट, ओढली तर तुटायला जड. माती चार इंचांपर्यंत कोरडी. अशा झाडाला थोडं-थोडं पाणी सुरू करा, आठ-दहा दिवसांत फांदी भरते. काळजी नाही.

कुजलेलं झाड: बुडखा तपकिरी, बोट दाबलं तर आत जातं, आंबूस वास. मुळाची साल बोटाने निघून हातात येते, आत नुसता दोरा. झाड हलवलं तर डुगडुगतं.

इथे एक फसगत होते ती सांगतो. ड्रॅगन फ्रूटला खांबाला धरणारी हवेतली मुळं असतात. त्यामुळे बुडखा पूर्ण गेला तरी वरचा भाग कित्येक आठवडे हिरवा राहतो. लांबून बघून "झाड बरं आहे" म्हणू नका. खांबाखांबाशी वाकून बघायला लागतं. ३ बाय ३ मीटरवर एकरी साधारण ४५० खांब होतात, कंटाळवाणं काम आहे हे मान्य. पण एका खांबाला चार झाडं असतात आणि एकाची सड शेजारच्याला लागायला वेळ लागत नाही.

*कुजलेलं सापडलं तर*

सगळ्यात आधी पाणी बंद. आणि साचलेलं पाणी बाहेर काढा. खांबाभोवती खोलगट आळं केलं असेल तर ते भरून टाका, माती खांबाकडून बाहेर उतरती हवी. दोन ओळींच्या मधून चर काढा. ड्रिपर बुडाला चिकटून असेल तर फूटभर लांब सरकवा. बुडाशी शेणखताचा ढीग लावलेला असेल तर तोही मागे ओढा. तो ओल धरून ठेवतो आणि खोड तिथेच सडतं.

मग कापणी. दोन दिवस उघडीप बघूनच करा, पावसात कापलं तर जखमेतून पुन्हा सड. धारदार चाकूने मऊ भाग काढा आणि कापलेल्या जागी मधला दांडा बघा. तपकिरी डाग दिसला तर अजून वर कापा. स्वच्छ पांढरा-हिरवा दिसेपर्यंत कापत जा. इथे जीव वर-खाली होतो, चार वर्षांचं झाड असतं. पण अर्धवट कापून काही वाचत नाही. प्रत्येक झाडानंतर चाकू स्पिरिटने पुसा.

जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा. एक लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात. नंतर एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवा. कापलेला कुजका माल बांधावर टाकू नका, बागेबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा.

दहा-बारा दिवसांनी, माती वाफशावर आली की, ट्रायकोडर्मा मिसळून मुरवलेलं शेणखत पातळ पसरा. युरिया अजिबात नको, त्याने कोवळी फूट येते आणि ती आधी सडते. टॉनिकवरही पैसे घालू नका. मुळंच नाहीत, घेणार कोण? झाडावर फळं असतील तर आजारी झाडाची काढून टाका.

*बुडखा पूर्ण गेला असेल तर*

तरी झाड गेलं असं समजू नका. वरच्या निरोगी, जून फांद्यांचे २५ ते ३० सेंटिमीटरचे तुकडे घ्या. खालचं टोक कोणतं ते खूण करून ठेवा, उलटं लावलं तर वाया जातं. सावलीत पाच ते सात दिवस उभे ठेवा म्हणजे जखम सुकून कडक होते. ओली कटिंग मातीत घातली की सडलीच. मग पिशवीत, निम्मी माती आणि निम्मी वाळू-शेणखत, दोन इंच खोल लावा. पाणी बेताचं. महिनाभरात मुळ्या धरतात. हे रोप फळाला यायला साधारण दीड-दोन वर्षं जातील, पण बाहेरून रोप विकत आणण्यापेक्षा आपल्याच बागेतली खात्रीची जात मिळते. फक्त डाग असलेल्या फांदीची कटिंग घेऊ नका.

डागावरून आठवलं. खोडावर आधी खोलगट पांढरट ठिपके, मग नारिंगी-तपकिरी चट्टे आणि त्यावर काळे बारीक दाणे दिसत असतील तर ती मुळांची सड नाही, तो खोडावरचा कँकर. तो पावसाच्या शिंतोड्याने पसरतो. त्याचा उपाय वेगळा. आणि फक्त पश्चिमेकडची बाजू पिवळी-पांढरी पडून कडक झाली असेल तर ते ऊन लागलंय, कापायची गरज नाही.

पाणी पुन्हा कधी सुरू करायचं? चार इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर अजून नाही. फुटला तर द्या, तेही थोडं.

फोटो पाठवताना तीन पाठवा: पूर्ण खांब, माती बाजूला केलेला बुडखा, आणि कापलेली फांदी असेल तर तिची आतली बाजू. सोबत जमीन कोणती आणि शेवटचं पाणी कधी दिलं ते लिहा. नुसता शेंड्याचा फोटो बघून औषध सांगता येत नाही. दुकानातून काही आणलं असेल तर फवारण्याआधी लेबलवर आपलं पीक आहे का ते बघा, आणि लेबलचाही फोटो टाका.