संकट सांगून येत नाही

भूकंप, महापूर ही निसर्गाची संकटे. वायुगळती, आग, दहशतवादी हल्ला ही माणसाने ओढवलेली. संकट कोणतेही असो, रुग्णालयात परिचारिकेला जागा सोडता येत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. अंजली कुलथे तेव्हा वॉर्डात रात्रपाळीला होत्या. त्यांनी दारे लावली, दिवे मालवले आणि २० गर्भवतींना पॅन्ट्रीत हलवले. तेवढ्यात एकीला कळा सुरू झाल्या! भिंतीच्या कडेकडेने त्यांनी तिला प्रसूतिगृहात पोहोचवले.

अपघातानंतर जखमींची रीघ लागते, तेव्हाही असेच भान हवे. आधी कोणाला पाहायचे? त्यासाठी रंग ठरलेले असतात. लाल म्हणजे तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकेल असा, हिरवा किरकोळ जखमी, काळा मृतांसाठी. ओरडणाऱ्याचा निदान श्वास चालू असतो. म्हणून निपचित पडलेल्याकडे आधी धावायचे.

धैर्य ऐनवेळी येईलही. पण बाहेर पडायची वाट, टॉर्चची जागा आणि वॉर्डातील रुग्णांची संख्या आधीच ठाऊक हवी. हा सराव शांततेच्या दिवसांतच करायचा असतो.