रिपोर्टातील 'सीडी' आणि चमकणारे रंग

ल्युकेमियाच्या रुग्णाचा रिपोर्ट हाती आला की त्यात सीडी१०, सीडी१९, सीडी४५ अशी नावे दिसतात आणि घरची मंडळी गोंधळून जातात. 'तुम्ही इंजिनियर, तुम्हाला कळेल' म्हणून आपल्या मंडळातल्या दोघा-तिघांनी असे रिपोर्ट मला दाखवले. मी डॉक्टर नाही, प्रोग्राम लिहिणारा माणूस आहे. उपचारांबद्दल मी काही सांगणार नाही. परंतु ही तपासणी चालते कशी आणि तिला पैसे का लागतात, एवढे समजून घेण्यासारखे आहे.

तपासणीचे नाव फ्लो सायटोमेट्री. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिने असतात, त्यांना सीडी क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड घ्यायचे, त्याला एक चमकणारा रंग जोडायचा आणि ते रक्तात किंवा अस्थिमज्जेच्या नमुन्यात मिसळायचे. मग पेशी एकेक करून लेसरच्या झोतापुढून जातात, सेकंदाला हजारोंनी. कोणती पेशी कोणत्या रंगाने किती चमकली, याची नोंद यंत्र करते.

हा 'चमकणारा' रंग आपल्याला नवा नाही. आईने पांढऱ्या शर्टाला घातलेले टिनोपाल आठवते ना? ते न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते, म्हणून शर्ट जास्त पांढरा भासतो. एक्स्चेंजच्या काउंटरवर दिनारची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात तेव्हाही हेच पाहतात. १८५२ साली स्टोक्स या शास्त्रज्ञाने या गुणाला फ्लुओरेसन्स असे नाव दिले.

आता अडचण कुठे येते पाहा. काही प्रथिने पेशीवर फारच थोडी असतात आणि पेशीला स्वतःचीही थोडी चमक असते. रंग मंद असेल तर त्या चमकेत तो हरवतो. मग एका प्रतिपिंडाला दहा-वीस रंगकण जोडावेत, असे कुणालाही वाटेल. पण रंगकण दाटीने बसले की एकमेकांची ऊर्जा गिळतात आणि चमक वाढण्याऐवजी घटते. लोकलच्या डब्यात माणसे कोंबल्यावर कुणालाच हात हलवता येत नाही, तसे.

यावर उत्तर निघाले पॉलिमरमधून. हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकबद्दल २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच जातीच्या साखळीत अनेक दुवे मिळून प्रकाश गोळा करतात आणि ती ऊर्जा साखळीतून पुढे सरकते. हीगर आणि बाझान यांच्या कामातून सिरिजेन ही कंपनी उभी राहिली, ती २०१२ साली बीडी या मोठ्या कंपनीने घेतली. त्यांचा ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ हा रंग प्रकाश शोषण्याच्या मापात सुमारे २५ लाखांवर जातो. जुना फ्लुओरेसीन त्याच मापात ८० हजारांच्या आसपास. फ्लुओरेसीन शोषलेल्या प्रकाशातला अधिक मोठा हिस्सा परत देतो हे खरे, पण मुळात गोळाच इतका कमी करतो की एकूण चमकेत मागे पडतो. दुसरा मार्ग म्हणजे साखळीवर रंगकण ठराविक अंतर राखून बसवायचे. सोनी कंपनीचे किराव्हिया रंग या तत्त्वावरचे. मला स्वतःला हा मार्ग जास्त आवडतो, कारण अडचण दाटीची असेल तर अंतर ठेवा, इतका तो सरळ आहे.

अर्थात फुकट काही नसते. पॉलिमरचे रंग एकत्र आले की एकमेकांना चिकटतात, म्हणून दोन किंवा अधिक वापरताना खास द्रावण घालावे लागते. काही जोडरंग उजेडाने आणि उष्णतेने बिघडतात, त्यामुळे बाटल्या २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवायच्या. ज्या देशात २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाला ५३.९ अंश तापमान नोंदले गेले, तिथे विमानतळापासून प्रयोगशाळेपर्यंत ही थंडी टिकवणे हेही एक कामच आहे. शिवाय रंग एकमेकांच्या हद्दीत सांडतात. ते सॉफ्टवेअरने वेगळे करतात. दहावीच्या बीजगणितातली एकसामायिक समीकरणे, फक्त दोनाऐवजी दहा-वीस.

एवढा खटाटोप कशासाठी? केमोथेरपीनंतर रोगाच्या किती पेशी उरल्या हे पाहण्यासाठी. तिथे साधारण मर्यादा ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजारांत एक पेशी. पाच लाख पेशी मोजल्या तर अशा पन्नासच सापडणार. त्या ठळक दिसल्या नाहीत तर पुढचा उपचार किती तीव्र ठेवायचा, हा डॉक्टरांचा निर्णयच डळमळतो. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये या कामासाठी दहा रंगांची पद्धत वापरली गेली आहे.

आपल्यापैकी अनेकजण निदान कुवेतमध्ये झाल्यावर उपचारांसाठी मुंबई-पुण्याला जातात. नमुना ताजाच लागतो, साधारण एक-दोन दिवसांतला. तो महिनाभर फ्रीजमध्ये ठेवून नेता येत नाही. परंतु यंत्राची मूळ नोंद एफसीएस नावाच्या फाइलमध्ये असते. हे स्वरूप १९८४ पासून ठरलेले आहे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतही ती फाइल उघडते. छापील रिपोर्टबरोबर ही फाइल आणि ठिपक्यांचे आलेख लेखी अर्ज देऊन मागावेत, आणि तेही उपचार सुरू होण्यापूर्वीच्या पहिल्या तपासणीचे. तिकडची रंगांची जुळणी वेगळी असेल, त्यामुळे आकड्याला आकडा जुळणार नाही. पण रोगाच्या पेशींवर सुरुवातीला कोणती प्रथिने होती हे तिथल्या तज्ज्ञांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. नुसत्या छापील निष्कर्षावरून ते होत नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर पैसे भरूनही तो पहिला नमुना पुन्हा मिळत नाही. फाइल पेनड्राइव्हवर सहज मावते. तिची एक प्रत घरच्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवावी.